थोरल्या भावाची पत्रं

हरणाबाईचा नवरा आकाराम तुरुंगात गेला तो त्याच्या थोरल्या भावाच्या काठीपायी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं घरातल्या सगळ्यांनी ते इतकं सोयीस्कर विसरून टाकलं, की नव्या माणसाला वाटावं आकारामच मुळात मारकुटा असेल. तो तसा नव्हता. मेंढराच्या पायातला काटा काढतानासुद्धा तो आधी मेंढराची समजूत घालायचा.

माणदेशाच्या कडेला, जिथं पाऊस आला तर आला, तिथली ही धनगरांची माणसं. त्यांचा वाडा म्हणजे दगडामातीचा नव्हे. तीनशे मेंढरं, दोन घोड्या, चार कुत्री आणि त्यांच्यामागून चालणारं सगळं घर, त्याला ते वाडा म्हणत. दसरा झाला की वाडा पश्चिमेला निघायचा. उसाच्या मुलखात शेतकऱ्यांच्या मोकळ्या रानांत मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि पुढचा मुक्काम गाठायचा. मार्गशीर्षात आष्टा, माघात रहिमतपूर, चैत्रात मेढा आणि मृगाच्या आत परत घरी. वाड्याचा कारभारी होता थोरला भाऊ नानासो. कुठं थांबायचं, कधी निघायचं, कुणी काय खायचं, सगळं तो ठरवायचा.

एकोणीसशे चाळीस सालच्या मार्गशीर्षात आष्ट्याजवळ राखणीची पाळी नानासोची होती. पहाटेला त्याचा डोळा लागला, मेंढरं जाळीखालून निसटली आणि शेजारच्या कोवळ्या उसात घुसली. उसाचा राखणदार कोंडीबा शिव्या देत आला आणि त्यानं हातातला दांडका एका गाभण मेंढीच्या पाठीत घातला. नानासो झोपेतून उठला तो काठी घेऊनच. एकच फटका, पण कोंडीबाच्या डोक्यात बसला. माणूस मेला नाही. त्याचं उजवं अंग तेवढं कायमचं लुळं पडलं आणि वाचा गेली.

आकाराम धावत आला तोवर सगळं होऊन गेलं होतं. फौजदार यायला अजून अवकाश होता. नानासोनं धाकट्या भावाला घोडीच्या आडोशाला नेलं.

"मी गेलो तर वाडा मोडंल, आकाराम. माजी चार पोरं हायती. तुला ना मूल ना बाळ. दोन-चार वर्सं काय, असं म्हनंस्तोवर जात्यात."

मग त्यानं कमरेची पिशवी सोडली, बिरोबाचा भंडारा आकारामच्या कपाळाला लावला, आपल्याही लावला. "दर वर्साला वाडा साताऱ्यावरनं जातो. दर वर्साला तुला भेटाया येईन. ह्यो भंडारा हाय बग."

हरणाबाई पाचसहा हातांवर चुलीशी बसली होती. तिनं शब्दन् शब्द ऐकला. पण थोरल्या दिराशी धाकट्या भावजयीनं बोलायचं नाही, त्याच्या समोरून जायचं नाही, पदर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायचा, ही त्यांची रीत. तिच्या नवऱ्याचा सौदा तिच्या देखत ठरला आणि तिला हूं की चूं करता आलं नाही. 'ना मूल ना बाळ' हे मात्र तिच्या काळजात जाऊन बसलं ते कायमचं.

काठी आपणच घातली असं आकारामनं कोर्टात कबूल केलं आणि त्याला पाच वर्षांची सक्तमजुरी झाली. भंडाऱ्याचं म्हणाल तर तो पहिल्या अंघोळीला गेला.

शिक्षा लागून महिनाच झाला होता, तेव्हा वाडा साताऱ्यावरून मेढ्याकडं निघाला. तुरुंग वाटेवरच. हरणाबाईनं जाऊबाईकडून, म्हणजे नानासोची बायको अंजना हिच्याकडून, विचारलं की भेटायला कधी जायचं. अंजना त्याच्याकडं जाऊन आली आणि म्हणाली, "त्ये म्हनत्यात, मेंढरं व्यायला झालीत. तुला जायाचं तर तू जा. उन्हाच्या आत ये." मेंढरं त्या वर्षी पौषातच व्याली होती. पण हे कारभाऱ्याला कोण सांगणार?

ती एकटी गेली. फडक्यात चार भाकरी आणि कारळ्याची चटणी बांधून घेतली होती. दारावरच्या शिपायानं फडकं बघितलं आणि सांगितलं, शिक्षा लागल्यावर बाहेरचं खाणं चालत नाही. मग कारकुनानं नाव विचारलं. हरणाबाई गप्प. नवऱ्याचं नाव तिनं आजवर तोंडातून काढलेलं नव्हतं, आणि परक्या पुरुषापुढं, सरकारी कचेरीत, तुरुंगाच्या दारात तर ते निघणार कसं? कारकून खेकसला, "अगं बाई, मुकी आहेस का?" शेवटी रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "नंबर सांग की, पोरी. कागुद असंल न्हवं?" कागद होता. कागदावर नंबर होता तीनशे बारा. नंबर सांगायला लाज नव्हती. तेव्हापासून ती तुरुंगात नवऱ्याला तीनशे बाराच म्हणायची.

जाळीपलीकडं आकाराम आला. डोकं भादरलेलं, गालफडं बसलेली, अंगातला सदरा दुसऱ्या कुणाच्या मापाचा. त्यानं बायकोकडं बघितलं, मग तिच्या पाठीमागं बघितलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा.

"दादा कुटं हाय? भाईर घोडीपाशी हाय का?"

"न्हाई आलं," हरणाबाई म्हणाली.

आकारामनं मान खाली घातली ती वर काढलीच नाही. ती बोलत राहिली, तो जमिनीकडं बघत राहिला. पहारेकरी जरा भला माणूस होता. तिला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, हा जेवत नाही. आला तसा असाच आहे. असं चाललं तर हा वर्ष काढत नाही, मी सांगतो."

हरणाबाई परत जाळीशी आली. नानासोचं नाव घेऊन बोटं मोडावीत, घडलं ते सगळं सांगावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोरचा माणूस मरायला टेकला होता आणि त्याला भाकरीचा नव्हे, भावाचा उपास होता. तिनं आयुष्यातली पहिली मोठी थाप मारली.

"भावजींनी जाऊबाईकडनं निरोप दिलाय. म्हनाले, त्याला सांग, मी भाईर ऱ्हाऊन बी आतच हाय. म्हनाले, तू जेवला न्हाईस तर मी बी जेवनार न्हाई."

आकारामनं मान वर केली. "आसं म्हनाला दादा?"

"व्हय."

"रडला?"

"लय," हरणाबाई म्हणाली. नानासो त्या वेळी तळावर वाटीभर दूध पिऊन घोरत असेल, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

तीन महिन्यांतून एक पत्र पाठवता येत होतं. मेढ्याला मामलेदार कचेरीसमोर झाडाखाली एक अर्ज लिहिणारा बसायचा, त्याच्याकडं ती गेली. भोवती कामाधंद्याची दहा-वीस माणसं. अर्ज लिहिणाऱ्यानं पोस्टकार्ड पुढं ओढलं, टाक शाईत बुडवला आणि विचारलं, "कुणाकडून? नवऱ्याला का? मग वर काय घालू, प्राणनाथ?" झाडाखालची माणसं हसली. हरणाबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नवऱ्याला काय लिहायचं ते तिला ठाऊक होतं, पण ते त्या दहा-वीस पुरुषांसमोर बोलायचं म्हणजे भर बाजारात लुगडं फेडण्यासारखं.

"बायकूकडनं न्हाई," ती म्हणाली. "थोरल्या भावाकडनं लिवा."

आणि नवल असं, की थोरल्या भावाचं नाव घेतलं आणि तिच्या जिभेची गाठ सुटली. भावानं भावाला काही म्हटलं तर त्यात कुणी हसण्यासारखं काय आहे? नवऱ्याच्या नावासाठी तिनं तुरुंगाचा कागद पुढं केला, बाकीचं ती पदराआडून सांगत गेली आणि अर्ज लिहिणारा, त्याचंही हसू कुठं गेलं कुणास ठाऊक, मुकाट लिहीत गेला. 'चिरंजीव आकारामास थोरल्या भावाचा आशीर्वाद. तुझ्यावाचून तळ सुना वाटतो. सांजेला मेंढरं आत घेतो तेव्हा तुझी शीळ ऐकू येत नाही, मेंढरंही थांबून बघतात. तुझी घोंगडी कुणाला पांघरू दिलेली नाही. जेवत जा. तू जेवलास असं समजून मी घास घेतो.' सगळं हरणाबाईचं होतं. नाव तेवढं नानासोचं.

इथंच तिची चूक झाली. पण चूक करताना माणसाला ती चूक दिसत नाही, पुण्यच दिसतं.

मग हा शिरस्ताच पडला. आष्ट्याला गुळाच्या पेढीवरचा मुनीम लिहून द्यायचा, रहिमतपूरला शाळामास्तर, मेढ्याला तो अर्ज लिहिणारा, आणि पावसाळ्यात घरी टपालवाला. दर पत्राचं अक्षर वेगळं. त्याचं आकारामला नवल वाटलं नाही. वाड्याच्या माणसाला जिथं मुक्काम पडेल तिथला लिहिणारा. दादा भेटीला का येत नाही, याचंही दर वर्षी पत्रात नवं कारण असायचं. त्याची उत्तरं गावच्या पत्त्यावर यायची आणि वाडा परतेपर्यंत टपालात पडून राहायची. पावसाळ्यात हरणाबाई शेण वेचायच्या निमित्तानं टपालवाल्याच्या ओसरीवर जाऊन ती एकदम ऐकून घ्यायची. पत्रं दादाच्या नावची, दादासाठी ओथंबलेली. तिच्या वाट्याला शेवटची एक ओळ. 'हरणीला सांग, दादाची आबाळ होऊ देऊ नको.'

दादाची आबाळ काय होणार? तिकडं पत्रातला नानासो दिवसेंदिवस गुणी होत चालला होता आणि इकडं तळावरचा नानासो होता तसाच होता. आकारामची घोडी त्यानं आपल्या मेहुण्याला देऊन टाकली. हरणाबाईच्या दंडातल्या चांदीच्या वाक्या थोरल्या पोरीच्या लग्नात गेल्या, त्या 'पाच दिसांसाठी' गेल्या आणि तिकडंच राहिल्या. जेवायला ती सगळ्यांच्या मागून, ओझ्याला सगळ्यांच्या पुढं. एका श्रावणात तिला हिवतापानं धरलं तर नानासोनं अंजनाकडून सांगायला लावलं की पडून राहणाऱ्याला वाड्यात जागा नाही. त्याच आठवड्यात ती घोंगडं पांघरून टपालवाल्याकडं गेली आणि कुडकुडत सांगितलं, "लिवा. हरनीची काळजी करू नगंस. तिला मी लेकीवानी सांबाळतो." टपालवाल्यानं लिहिता लिहिता हात थांबवला.

"हरणाबाई, ह्ये बी लिवू?"

"लिवा," ती म्हणाली. "त्याला झोप लागाया पायजे."

बेचाळीस सालानंतर तुरुंग चळवळीच्या माणसांनी भरून गेला. चैत्रात ती भेटीला जायची तेव्हा दाराशी हार घेतलेली माणसं असायची, घोषणा व्हायच्या, मोठमोठ्या घरच्या बायका डबे घेऊन यायच्या आणि एकमेकींना धीर द्यायच्या. त्यातली एखादी तिलाही विचारायची, "तुमचे कशात?" हरणाबाई काय सांगणार? तिच्या माणसानंही दुसऱ्यासाठीच अंगावर घेतलं होतं, पण त्याला हार घालावा असं त्यात काही नव्हतं. ती म्हणायची, "मारामारीत." बाई मग जरा सरकून उभी राहायची.

त्या चळवळवाल्यांपैकी एका मास्तरांनी आकारामला अक्षरओळख करून दिली. तो इतक्या नेटानं शिकला की मास्तरांनाही कौतुक वाटलं. कशासाठी शिकला ते त्यानं जाळीपलीकडून हरणाबाईला अभिमानानं सांगितलं. "दादाची पत्रं दुसऱ्याच्या तोंडनं ऐकायला बरं न्हाई वाटत. आता माजी मी वाचतो. रोज वाचतो." त्याच्या गालांवर मांस आलं होतं. डोळ्यांत तेज होतं. चौथ्या भेटीला तो म्हणाला, "हरणे, दादा नसता तर मी हितं कवाच मेलो असतो."

मेढ्याच्या तळावरून सात-आठ कोस चालून आलेली बायको समोर उभी होती. ती म्हणाली, "व्हय, खरं हाय."

परतीच्या वाटेवर ती एका विहिरीच्या काठावर बसून पोटभर रडली. सांगून टाकावं असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. पण तिनं मनाशी एक ठरवलं होतं आणि त्याच्याच आधारावर ती चालत होती. माणूस सुटून येऊ दे. आला की त्याच्या वाटणीची मेंढरं घ्यायची आणि नानासोचा वाडा सोडायचा. तिचा भाऊ ज्योतिबा पलीकडच्या वाडीवर होता, त्याचा वाडा लहान, त्याला माणूस हवंच होतं. त्यानं दोनदा निरोपही दिला होता. एवढं झालं की पत्रं कुणी लिहिली याला काय अर्थ उरतो?

पंचेचाळीस सालच्या आषाढात, माफीचे दिवस वजा होऊन, आकाराम सुटला. वाडा घरीच होता. नानासोनं वेशीपर्यंत जाऊन भावाला मिठी मारली, कपाळाला भंडारा लावला, बकरं कापलं. भंडाऱ्याला हात घालताना त्याची बोटं जरासुद्धा अडखळली नाहीत. भावकी जमली. आकाराम जेवायला बसला नाही. त्यानं कमरेला बांधलेलं फडकं सोडलं, त्यातून पोस्टकार्डांचा गठ्ठा काढला आणि नानासोच्या पायांवर ठेवला.

"दादा, ह्यांनी मला जगीवलं," तो म्हणाला, आणि सगळ्यांदेखत लहान पोरासारखा रडला.

नानासोनं गठ्ठा उचलला. वरचं कार्ड उलटसुलट करून बघितलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण त्याला समजत सगळं होतं. त्यानं सावकाश मान वळवून चुलीकडं, पदराआड बसलेल्या भावजयीकडं बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा बघितलं असेल. आता हा म्हणेल की मी नाही बाबा लिहिली. म्हणू दे, एकदाचं सुटेल.

"भावाला न्हाई लिवायचं तर कुनाला लिवायचं, आकाराम?" नानासो म्हणाला आणि त्यानं फडक्यानं आपलेही डोळे पुसले.

भावकीतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. अशी माया आता राहिली नाही, असं कुणी तरी म्हणालं. हरणाबाई वाढपाला उठली.

चार दिवसांनी ओढ्यावर दोघंच होती, तेव्हा तिनं विषय काढला. "आवं, आपली मेंढरं घ्यावी आन् ज्योतिबादादाच्या वाड्यावर जावं म्हनती मी. आपलं आपुन ऱ्हाऊ."

आकाराम तिच्याकडं बघतच राहिला. "कुनाला सोडून?"

"त्यांचं त्यास्नी हाय की सगळं."

"ज्या भावानं घास मोजून माज्यासाटी उपास काडला, त्याला सोडून? तुला लेकीवानी सांबाळली त्यानं, हरणे. त्यानंच लिवलंय. आन् तू वेगळं निगायचं म्हंतीस?" त्याच्या आवाजात राग नव्हता, किळस होती. "बायका घरं फोडत्यात म्हंत्यात त्ये खोटं न्हाई."

तिनंच सांगून लिहून घेतलेलं वाक्य तिच्याच थोबाडात येऊन बसलं. ती घागर भरून निघाली.

नानासोला आता हवं होतं ते सगळं आयतं मिळालं. आकाराम त्याचे पाय चेपायचा, त्याच्या पाळीला स्वतः राखण करायचा, त्याच्या पोरांची मेंढरं हाकायचा. नानासोनं कधी हिशेबानं, कधी गोडीनं, त्याच्याकडून गाढवासारखं काम करून घेतलं. तेवढ्यावर भागलं असतं तरी हरणाबाई गिळून बसली असती. पण दसरा झाला, वाडा पश्चिमेला निघाला आणि मार्गशीर्षात आष्टा जवळ आलं. गेली चार वर्षं नानासो आष्ट्याला कडेकडेनं जायचा, कोंडीबाच्या माणसांच्या नजरेला पडायचा नाही. त्या वर्षी त्याच्या मनात आलं की जुनी चांगली रानं परत मिळवावीत. त्यासाठी कुणी तरी पुढं जाऊन कोंडीबाच्या घरच्यांची मनधरणी करायला हवी होती.

"तूच जा," तो आकारामला म्हणाला. "तू शिक्षा भोगून आलायस. तुज्यावर आता त्यांचा काय राग असनार?"

आकाराम गेला. कोंडीबा दाराशी बाजल्यावर पडलेला होता, लाळ गळत होती. त्याच्या दोन पुतण्यांनी आकारामला ओळखला. त्यांच्या लेखी काकाचं डोकं फोडणारा हाच होता, कोर्टात त्यानंच तर कबूल केलं होतं. संध्याकाळी ऊस वाहणाऱ्या एका गाडीवानानं आकारामला तळावर आणून टाकला. डावा हात कोपरातून मोडलेला, एक डोळा मिटलेला. नानासो लांबूनच म्हणाला, "आरं तिच्या मायला, अजून धरून बसल्यात व्हय?" आणि मेंढरांकडं गेला.

हरणाबाईनं हात बांबूच्या कामट्यांत घालून बांधला. आकाराम दात आवळून म्हणाला, "दादाला काय ठावं असं हुईल त्ये."

मग मात्र तिच्यानं राहवलं नाही.

"त्यास्नी सगळं ठावं हुतं," ती म्हणाली. "आज बी आन् तवा बी. आवं, ती पत्रं त्यांची न्हाईत. एक बी न्हाई. मी लिवून घेतली."

आकाराम हसला, दुखत असतानाही हसला. "तुला लिवता येतं व्हय?"

"तुमाला वाचता येतं न्हवं? काडा त्यातलं कंचं बी. कुटलं हाय एवडं सांगा."

त्यानं उजव्या हातानं फडकं सोडलं आणि एक कार्ड काढलं. "रहिमतपूर. तिसऱ्या वर्साचं."

हरणाबाईनं डोळे मिटले आणि बोलायला लागली. आकारामचं बोट ओळीवरून सरकत होतं. लिहिणाऱ्या मास्तरांनी 'न्हाई'चं 'नाही' केलं होतं, 'हुतं'चं 'होतं' केलं होतं, बाकी शब्दाला शब्द. तिनं थांबायचं तिथं ओळ थांबत होती. त्यानं दुसरं काढलं, आष्ट्याचं. तेही तिनं म्हटलं. तिसरं काढलं, आणि अर्ध्यातच त्यानं तिला थांबवलं.

त्यानं कार्ड खाली ठेवलं. हरणाबाईच्या मनात, खोटं कशाला सांगा, एक वेडी आशा जागी झाली होती. आता त्याला कळेल. सतरा पत्रांतली माया कुणाची होती ते कळेल. घोंगडी कुणी जपली, शिळेची वाट कुणी बघितली, उपास कुणी काढले. आता तो आपल्याकडं बघेल.

"मग दादा?" आकाराम म्हणाला. "दादाला कायच वाटलं न्हाई?"

तिनं कामट्यांवरची सुटलेली गाठ पुन्हा आवळली.

"तू सांगायचं न्हवतंस," तो म्हणाला. "आत हुतो तवा ह्याच्यावर जगलो. भाईर आलो तर तू त्ये बी काडून घेतलंस."

"जाऊ या न्हवं आता?" तिनं धीर करून विचारलं. "ज्योतिबादादाकडं?"

"तिकडं माजं कोन हाय?"

तो हे बायकोला म्हणाला, आणि आपण काय म्हणालो ते त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. त्यानं कार्डं मांडीवर पसरली, एकेक उचलून बघितलं आणि ठेवलं, जशी कुणा परक्याची चुकून आपल्याकडं आली असावीत. मग एक काढलं. मेढ्याचं होतं ते, सगळ्यांत पहिलं, घड्या पडून पडून मधोमध चिरलेलं.

"ह्ये आलं त्या दिशी मी पयल्यांदा पोटभर जेवलो हुतो," तो म्हणाला. त्यानं मान वर केली. चार वर्षांपूर्वी जाळीपलीकडं जसा चेहरा होता, तसाच होता. "ह्ये तरी दादाचं हाय का, हरणे? येक तरी?"

हरणाबाईनं त्याच्याकडं बघितलं. झाडाखालची ती हसणारी माणसं आणि आपला जळता चेहरा तिला जसाच्या तसा आठवत होता.

"व्हय," ती म्हणाली. "तेवडं येक त्यांचं हाय. त्यांनीच सांगितलं हुतं."

आकारामनं ते कार्ड दुमडून मुंडाशाच्या घडीत खोचलं. बाकीची सोळा तिथंच चुलीपाशी टाकली आणि तो कूस वळवून आडवा झाला. त्यानंतर वाडा सोडायची गोष्ट कधी निघाली नाही. मोडका हात वाकडाच जुळला आणि त्या हातानं तो नानासोची मेंढरं हाकत राहिला.

सकाळी दव पडून सरपण ओलं झालं होतं, जाळ धरेना. हरणाबाईनं कार्डं एकेक करून चुलीत घातली. जाळ लागला तशी तिनं भाकरी थापायला घेतली. पहिली भाकरी, रीतीप्रमाणं, नानासोच्या ताटात गेली.